विंचवरचे ड्रिल आणि कर्त्याचा प्रश्न

शिडाच्या बोटीवरची विंच म्हणजे डेकवर उभा बसवलेला धातूचा ढोल. शीड डोलकाठीवर चढवणारा दोर म्हणजे हॅलयार्ड आणि शिडाचा मोकळा कोपरा ताणून धरणारा दोर म्हणजे शीट. यांपैकी जो दोर ओढायचा असेल त्याचे तीन-चार वेढे या ढोलावर घेतात. ढोलाच्या माथ्यावर आठ टोकांच्या चांदणीसारखी खाच असते. तीत साधारण २५ सेंटिमीटर लांबीचे हँडल बसवून फिरवले की आतली दातेरी चक्रे ढोल हळूहळू पण जोराने फिरवतात आणि आतल्या खुंट्या त्याला मागे घसरू देत नाहीत. दोन वेगांच्या विंचमध्ये हँडल उलट्या दिशेने फिरवले तरी ढोल सुलट्याच दिशेने फिरतो, फक्त अधिक सावकाश आणि अधिक बळाने. विंचच्या नावातला ४० किंवा ४६ हा आकडा बळ किती पटींनी वाढते ते सांगतो: चाळिसाच्या विंचवर हँडलला २० किलोचा जोर दिला तर दोरावर, घर्षण सोडल्यास, ८०० किलोचा ताण येतो.

वेढ्यांचे काम वेगळे. दोर आणि ढोल यांच्यातले घर्षण प्रत्येक वेढ्यागणिक गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२ धरला तर तीन वेढ्यांनंतर मोकळ्या टोकाशी एक किलोचा ताण पलीकडचे सुमारे ४३ किलो रोखून धरतो. म्हणून भरल्या वाऱ्यातले मोठे शीडही दोन बोटांत धरलेल्या दोराने आवरता येते. ढोलावर दोर गुंडाळून ताणण्याची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणी सम्राट झर्क्सिसने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधला, तेव्हा त्याचे जाडजूड दोर लाकडी रहाटांनी ताणल्याचे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवले आहे.

अलीकडे याच खाचेत हँडलऐवजी बॅटरीवर चालणारे ड्रिल बसवण्याची चाल पडली आहे. चांदणीच्या आकाराचा एक पोलादी तुकडा ड्रिलच्या तोंडात घट्ट करायचा, तो विंचच्या खाचेत टेकवायचा आणि घोडा दाबायचा. भिंतीत भोके पाडायचे यंत्र शीड चढवू लागते. मिलवॉकी कंपनीचे काटकोनी तोंडाचे २८ व्होल्टचे ड्रिल दूरच्या सफरी करणाऱ्या मंडळींत विशेष नावाजले गेले. पुढे खास विंचसाठी बनवलेली विजेची हँडलेही बाजारात आली. डेकखाली मोटर बसवलेली, बटनावर चालणारी विंच त्याआधीपासून होतीच, पण ती महाग. तिच्यासाठी डेकला भोक पाडावे लागते आणि जाड तारा ओढाव्या लागतात. ड्रिलला यातले काही लागत नाही. ते बंद पडले तर त्याच खाचेत जुने हँडल बसते.

ही सोय पाहून दर्यावर्दी मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, हे शीड चालवणे नव्हे. दुसरा विचारतो, बोटीत डिझेलचे इंजिन चालते, मग ड्रिलने काय घोडे मारले? वरून पाहता हे भांडण आळसाचे आणि अभिमानाचे आहे. त्याच्या तळाशी मात्र एक जुना प्रश्न आहे. माणूस साधनाने काम करतो तेव्हा ते काम कुठपर्यंत त्याचे असते? कर्ता कोणाला म्हणायचे?

आधी श्रमाचा हिशेब पाहू. सुमारे ४० चौरस मीटरचे मुख्य शीड २५ किलोच्या आसपास भरते. त्याचा माथा १५ मीटर वर जातो, पण तळाची कड खालच्या आडव्या काठीला म्हणजे बूमलाच राहते, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य सरासरी पाचेक मीटरच चढतो. निव्वळ वजन उचलण्याला लागतात सुमारे १,२५० ज्यूल. कप्प्यांचे, खोबणीचे आणि वाऱ्यात फडफडणाऱ्या कापडाचे घर्षण धरून ही रक्कम चौपट केली तरी ती ५,००० ज्यूल होते, म्हणजे दीड वॅट-तासाहूनही कमी. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास मावतात. माणसाच्या शरीराला एवढ्या कामासाठी चार-पाच किलोकॅलरी पुरतात. दोनेक शेंगदाण्यांत त्या येतात. आता वाऱ्याकडे पाहावे. १५ नॉट वेगाचा वारा ४० चौरस मीटरच्या चौकटीतून सेकंदाला ११,००० ज्यूल घेऊन जातो. त्यातला एक भागच बोटीच्या कामी येतो हे खरे, पण हा पुरवठा तासन् तास चालू राहतो. दिवसभराच्या सफरीत नाविकाच्या दंडाचा वाटा इतका किरकोळ आहे की तो ड्रिलने उचलला तर बोटीच्या चालीत श्रमाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. शीड हेच मुळात माणसाने शोधलेले श्रम वाचवण्याचे सर्वांत मोठे साधन. वल्ह्यांवरचे हात त्यानेच मोकळे केले. तेव्हा घामावर आधारलेला आक्षेप पहिल्याच पायरीवर लंगडा पडतो.

श्रमाविषयीची अस्वस्थता अर्थातच ड्रिलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. तिची सर्वांत प्रसिद्ध कथा चीनच्या ‘च्वांग-त्झू’ या ग्रंथाच्या बाराव्या प्रकरणात येते. कन्फ्यूशियसचा शिष्य त्झू-कुंग प्रवासात एका म्हाताऱ्या माळ्याला पाहतो. हा माळी विहिरीत उतरून घडा भरतो, वर येतो आणि वाफ्यात ओततो. शिष्य त्याला तराजूसारखा आडवा वासा वापरून पाणी काढायचे यंत्र सुचवतो. कोकणात आगरांना शिंपण करण्यासाठी विहिरीवर जी लाट असे, तेच हे. माळी हसतो आणि सांगतो की यंत्र असले की यंत्राची कामे येतात, यंत्राची कामे आली की मनही यंत्राचे होते, आणि असे मन उरात असले की निर्मळपण टिकत नाही. यंत्र ठाऊक नाही असे नाही, पण वापरायला लाज वाटते. यंत्रविरोधी लेखनात ही कथा बहुधा इथेच थांबते. विसाव्या शतकात भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्गनेही आधुनिक विज्ञानाबद्दल लिहिताना तिचा आधार घेतला. मूळ ग्रंथात मात्र कथा पुढे चालते. शिष्य परत जाऊन गुरूला हकिगत सांगतो. तेव्हा कन्फ्यूशियस म्हणतो त्याचा आशय असा की त्या माळ्याला एक कळते, दोन कळत नाहीत. आतले सांभाळतो, बाहेरचे सांभाळत नाही. त्याला खरा साधक म्हणावे की साधकाचे सोंग, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. कथेचा हा उत्तरार्ध गाळणे सोयीचे असते, कारण तो आला की माळ्याचा विजय संशयास्पद होतो. शिवाय घडा हेही साधनच. ओंजळीने शिंपणाऱ्याने घड्यालाही हसावे.

तेव्हा साधन आहे की नाही हा प्रश्न निकामी ठरतो. साधनाचा आणि माणसाचा संबंध कोणता, हे पाहावे लागते. त्यासाठी भारतीय परंपरेत व्याकरणाइतके नेमके शास्त्र दुसरे नाही. पाणिनीने कारकांची व्यवस्था लावताना क्रियेत स्वतंत्र असलेल्याला कर्ता म्हटले आणि क्रिया सिद्धीस नेण्यात जे सर्वाधिक उपयोगी पडते त्याला करण म्हटले. स्वातंत्र्य एकाचे, परिणामकारकता दुसऱ्याची. शीड चढवण्यात सर्वाधिक परिणामकारक ड्रिल आहे म्हणून ते कर्ता होत नाही. उलट त्याच कारणाने ते करण ठरते. मात्र व्याकरणकारांनी एक मोकळीकही ठेवली आहे. कोणते कारक मानायचे हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर असते, म्हणून ‘सुरीने कापतो’ याच्या शेजारी ‘सुरी छान कापते’ हेही शुद्ध असते.

मराठी भाषा या बाबतीत आणखी बोलकी आहे. शीड आपोआप चढत नाही, तरी ‘शीड चढते’ असे म्हणतात. ‘नाविक शीड चढवतो’ हे त्याचे प्रयोजक रूप. आणि दुसऱ्याला कामाला लावले तर ‘चढवून घेतो’. ज्याला कामाला लावले त्याला ‘कडून’ लागते, हत्याराला ‘ने’ लागते. मुलाकडून शीड चढवून घेतले, ड्रिलने शीड चढवले. ‘ड्रिलकडून चढवून घेतले’ असे कोणी म्हणत नाही, निदान अजून तरी नाही. ‘संगणकाकडून हिशेब करून घेतला’ असे मात्र आता सर्रास ऐकू येते. हाताखालचे साधन कोणत्या क्षणी ‘ने’ सोडून ‘कडून’ घेते, हे पाहिले तर कर्तेपण कुठे सरकले याचा अंदाज येतो, आणि त्या कसोटीवर ड्रिल अजून हत्यारांतच आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हाच प्रश्न निराळ्या हेतूने येतो. कोणतेही कर्म पाच कारणांनी घडते: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असा निष्कर्ष तिथे काढला आहे. शंकराचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर आणि करणांचा अर्थ इंद्रिये असा घेतला आहे, कारण त्यांना आत्म्याचे अकर्तेपण दाखवायचे आहे. तो अर्थ क्षणभर बाजूला ठेवून ही पंचकडी बोटीला लावली तर ती चपखल बसते. बोट हे अधिष्ठान, नाविक कर्ता, विंच-दोर-ड्रिल ही करणे, ओढणे-सोडणे या चेष्टा, आणि वारा हे दैव. शीड चालवणाऱ्याइतके ‘मीच केले’ म्हणण्याचे धाडस दुसऱ्या कोणाला महाग पडत नाही. वारा पडला की कर्ता नुसता बसून राहतो. हाताने विंच फिरवणाऱ्याचा अभिमान या हिशेबात पाचातल्या एका कारणाच्या एका तुकड्याचा अभिमान ठरतो. ड्रिलवाल्याला हिणवण्यात जो अहंकार असतो तो गीतेच्या दृष्टीने ड्रिलपेक्षा जास्त तपासण्यासारखा आहे.

एवढ्यावर ड्रिल निर्दोष सुटले असे मात्र नाही. श्रमाचा आणि कर्तेपणाचा आक्षेप टिकला नाही तरी तिसरा आक्षेप उरतो, आणि तो ज्ञानाचा आहे.

सांख्यदर्शनात इंद्रियांचे दोन गट आहेत. कान, त्वचा, डोळे, जीभ आणि नाक ही ज्ञानेंद्रिये. वाणी, हात, पाय इत्यादी कर्मेंद्रिये. हात कर्मेंद्रियांत मोडतो, त्याच हातावरची त्वचा ज्ञानेंद्रियांत. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त मन हे दोन्ही स्वभावांचे मानले आहे. विंचचे हँडल धरलेल्या हातात ही विभागणी फक्त कागदावर उरते. हात दोर ओढतो आणि त्याच क्षणी दोराची बातमी घेतो. हॅलयार्ड कुठे अडला तर हँडल जड होते. शीड ताठ ठेवणारी पट्टी डोलकाठीच्या आधारदोरात अडकली तर ते जडपण वेगळे असते, एकदम येणारे आणि किंचित लवचीक. शीड पूर्ण चढून दोर ताणला जाऊ लागला तर जडपण सावकाश, चढत्या क्रमाने येते. सराईत नाविक वर न पाहता यातला फरक ओळखतो. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मर्लो-पाँतीने १९४५ च्या आपल्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीचे उदाहरण दिले आहे: सवय झाली की काठी ही वस्तू उरत नाही, स्पर्श काठीच्या टोकापर्यंत लांबतो. विंचचे हँडल ही अशीच काठी आहे, आणि तिचे दुसरे टोक १५ मीटर उंच डोलकाठीच्या माथ्यावर असते.

ड्रिल ही काठी काढून घेते का? इथे यंत्रशास्त्राचा एक बारकावा पाहावा लागतो, कारण वादात तो बहुधा दोन्ही बाजू विसरतात. ड्रिल विंचला जेवढा पीळ देते तेवढाच उलटा पीळ ड्रिलच्या अंगाला बसतो आणि तो अखेर धरणाऱ्याच्या मनगटात येतो. हँडलवर २५ सेंटिमीटरवर २० किलोचा जोर लागत असेल, तर तोच पीळ देणारे ड्रिल अक्षापासून १५ सेंटिमीटरवर धरलेल्या मुठीला सुमारे ३३ किलोने ढकलते. म्हणजे ड्रिल श्रम वाचवते, भार वाचवत नाही. हात फिरायचा थांबतो, पण रोखून धरायचे काम त्याच्याकडेच राहते, आणि तेही वाढलेले. काटकोनी, लांब अंगाचे ड्रिल पसंत केले जाते ते यासाठीच. त्याचे अंग कशाला तरी टेकवता येते. ज्यांना हे ठाऊक नसते त्यांची मनगटे मुरगळतात किंवा ड्रिलचा दांडा गरकन फिरून बरगडीत बसतो.

त्यामुळे ड्रिलमधून बातमी येत नाही असे म्हणता येत नाही. ती येते, पण वेळेत येत नाही. हाताने विंच मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे फिरते आणि जड होऊ लागली की आपोआप मंदावते. हाताचा दुबळेपणा हाच तिथला फ्यूज असतो. ड्रिल मिनिटाला काही शे फेऱ्यांनी धावते. अडथळा आला की पहिली बातमी आणि तुटलेली पट्टी यांच्यामधले अंतर सेकंदाच्या अंशाएवढे उरते. दोराचा एक वेढा दुसऱ्यावर चढून गाठ बसणे हा विंचवरचा नेहमीचा अपघात. हाताने फिरवताना तो पहिल्या अर्ध्या फेऱ्यात कळतो, ड्रिलने तीन फेऱ्यांनंतर, आणि तोवर गाठ दगड झालेली असते. ड्रिलला ठरावीक पिळाला घसरणारा क्लच असतो. तो लावला की एक कृत्रिम दुबळेपणा विकत घेतल्यासारखे होते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हातही निर्धोक नाही. चाळिसाच्या विंचवर नुसत्या दंडाच्या जोरानेही शिडाचा कोपरा फाडता येतो. फरक असतो तो अवधीचा. डोलकाठीवर माणूस चढवताना ड्रिल वापरू नये, हा इशारा याच अवधीपोटी आहे. वर गेलेला माणूस कप्पीला भिडला तर खालच्याला ते कळायला हवे, आणि हातानेच ते वेळेवर कळते.

हँडल, ड्रिल आणि बटन या तिघांना एका ओळीत ठेवले तर रेघ कुठे मारायची हे यावरून ठरवता येते. सामान्यतः ती स्नायू आणि बॅटरी यांच्यामध्ये मारली जाते: हँडल एकीकडे, ड्रिल आणि बटन दुसरीकडे. पण ओढणाऱ्याकडे प्रतिकार परत येतो की नाही, ही कसोटी लावली तर हँडल आणि ड्रिल एका बाजूला पडतात आणि बटन एकटे दुसऱ्या. बटनाच्या विंचमध्ये ८०० किलोचा ताण आणि ८ किलोचा ताण बोटाखाली सारखाच लागतो. कान आणि डोळे सावध असतील तर उरलेली बातमी मोटरच्या आवाजातून मिळते, एरवी नाही. बोटे आणि कपडे ढोलात ओढले जाण्याचे गंभीर अपघात विजेच्या विंचवर होतात, यामागे हेच मुके बोट आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ अल्बर्ट बोर्गमन याने १९८४ मध्ये मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. चूल ही घराला एकत्र आणणारी, कौशल्य मागणारी वस्तू. मध्यवर्ती तापयंत्रणा हे नुसते ऊब पुरवणारे उपकरण, ज्याची कळ कुठे लपली आहे हे कोणाला ठाऊक असावे लागत नाही. बोर्गमनच्या भाषेत बटनाची विंच हे उपकरण आहे. ड्रिल अजून वस्तूच्या बाजूला रेंगाळते. ते दिसते, धरावे लागते, त्याच्याशी झगडावे लागते.

बॅटरीबद्दलचा आक्षेप वेगळ्या वाटेने येतो. मार्टिन हायडेगरने १९५३ मध्ये म्युनिकला दिलेल्या तंत्रज्ञानावरच्या व्याख्यानात पवनचक्की आणि आधुनिक यंत्र यांत फरक केला. पवनचक्की वारा असेल तेव्हा चालते आणि नसेल तेव्हा थांबते. ती वाऱ्यातून ऊर्जा उपसून साठवत नाही. आधुनिक तंत्र निसर्गाला साठ्याच्या रूपात हजर राहायला भाग पाडते. या दृष्टीने शिडाची बोट जुन्या जगातली आणि लिथियमची बॅटरी नव्या जगातली, आणि ड्रिल त्या दोघांची गाठ विंचच्या माथ्यावर घालते. पण आजच्या सफरी बोटींवर ही सरळ मांडणी गुंतागुंतीची होते. अनेक बोटींच्या मागे पाण्यात ओढत नेलेली जनित्रे किंवा डेकवरच्या खांबावर छोट्या पवनचक्क्या असतात. ड्रिलची बॅटरी त्यांवरच भरली असेल, तर वाऱ्यानेच शीड चढवले म्हणायचे. फक्त कालच्या वाऱ्याने.

बॅटरीचे ड्रिल धर्माच्या कक्षेत खरोखर चर्चिले गेले ते अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती समाजात. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातल्या आमिशांनी १९२० च्या आसपास बाहेरच्या तारेने येणारी वीज घरात न घेण्याचा निर्णय केला, मात्र बॅटरीला पूर्ण बंदी केली नाही. त्यांच्या सुतारशाळांत यंत्रे दाबलेल्या हवेवर किंवा तेलाच्या दाबावर चालतात, आणि काही मंडळ्यांत बॅटरीवरची ड्रिले चालतात, काहींत चालत नाहीत. यंत्र पापी आहे का, हा त्यांचा प्रश्न नाही. ते आपल्याला कोणाशी बांधते आणि आपल्या माणसांपासून तोडते का, हा आहे. तार घराला जगाशी कायमची जोडते. बॅटरी संपते आणि काढून ठेवता येते. मंडळी वेळोवेळी बसून एकेका साधनाबद्दल पुन्हा ठरवते. यंत्राला तत्त्व म्हणून विरोध करणाऱ्या कोणत्याही ग्रंथापेक्षा ही सुतारकीची, तुकड्यातुकड्याने चालणारी चिकित्सा जास्त शहाणी आहे. विंचवरच्या ड्रिललाही ती लागू पडते. डेकखालची मोटर बोटीचा भाग होऊन बसते, ड्रिल खणात ठेवता येते.

खेळात उत्तर सोपे होते, कारण तिथे ते नियमाने दिलेले असते. जागतिक नौकास्पर्धा नियमावलीचा ५२ वा नियम दोर, काठ्या आणि बोटीच्या तळाचे हलते भाग फक्त खलाशांनी पुरवलेल्या शक्तीने हलवावेत असे सांगतो, आणि आयोजक तो सैल करू शकतात. सिडनी–होबार्ट शर्यतीत शंभर फुटी बोटी इंजिनावर चालणाऱ्या हायड्रॉलिक विंच घेऊन धावल्या आहेत आणि त्यावर कुरकूरही झाली आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली तिचा गाभा असा की खेळणारा सोपा मार्ग असताना अवघड मार्ग मुद्दाम पत्करतो, कारण त्यावाचून ती क्रिया होतच नाही. शर्यतीत ड्रिल वर्ज्य आहे ते एवढ्याचसाठी; बुद्धिबळात सोंगट्या हाताने उचलून पटाबाहेर टाकता येत नाहीत तसे. पण ‘खलाशांची शक्ती’ या शब्दांतही फटी आहेत. २०१७ च्या बर्म्युडातल्या अमेरिकाज कप या नौकास्पर्धेत न्यूझीलंडच्या संघाने हातांऐवजी पायांनी, सायकलसारखी पेडले मारून तेलाचा दाब साठवला आणि अमेरिकेच्या ओरॅकल संघाला ७–१ ने हरवले. २०२१ मध्ये पेडलांना बंदी होती, २०२४ मध्ये बार्सिलोनात ती परत आली, आणि त्यापुढच्या नेपल्सच्या स्पर्धेसाठी माणसांची जागा बॅटरीला देण्याचे ठरले. शतकभर जे खेळाचे सत्त्व मानले जात होते ते आयोजकांच्या एका मसुद्याने बदलते, यावरून ते सत्त्व होते की संकेत, याचा विचार व्हावा. सफरीवर निघालेल्या बोटीला तर कोणी पंच नसतो. तिथे सूट्सच्या व्याख्येचा उपयोग थोडा.

एकट्याने सफर करणाऱ्यांकडे पाहिले की प्रश्नाचा दुसरा भाग उघडतो. दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टोमी यांनी त्याच बोटीतून २०१२–१३ मध्ये ती न थांबता पुरी केली. एवढी बोट एका माणसाला पेलते ती मुळातच विंचमुळे. तेव्हा विंच ही दुबळ्याची सोबती म्हणूनच जन्मली आहे, आणि ड्रिल तिच्या वंशातलेच. प्रत्यक्षात ड्रिल वापरणाऱ्यांत सत्तरीकडे झुकलेली, दोघांनीच बोट चालवणारी जोडपीही असतात. खांद्याचा सांधा झिजलेल्या माणसाला हाताने शीड चढवण्याचा पवित्र अनुभव सांगणे क्रूरपणाचे आहे. शिवाय ज्याला शीड चढवणे जड जाते तो वारा वाढल्यावर ते कमी करायला आणि पुन्हा चढवायलाही कचरतो, इंजिन चालू करतो. अशा बोटीवर ड्रिल आल्याने डिझेल कमी जळते आणि शीड जास्त वापरले जाते. साधन वाढल्याने मूळ साधना वाढते, हा उलटा परिणाम यंत्रविरोधी युक्तिवादात बसवणे अवघड जाते.

महात्मा गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रांवर कठोर टीका केली, पण १९२४ मधल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले. आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, आणि हे यंत्र बायकोचे कष्ट पाहून जन्मले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मग शिवणयंत्रे बनवायला मोठे कारखाने लागतील त्याचे काय, हा प्रश्न लगेच आला, आणि ते कारखाने सार्वजनिक मालकीचे असावेत असे उत्तर त्यांना द्यावे लागले. ड्रिललाही तोच प्रश्न पडतो. विंचचे हँडल कोणताही लोहार ठोकून देईल. ड्रिलमागे लिथियमच्या खाणी आहेत, आणि खारट हवेत दोन-तीन मोसमांत गंजून फेकलेला प्लास्टिकचा सांगाडा आहे. गांधींचा अपवाद ड्रिलला मिळायचा तर तो सत्तरीतल्या त्या जोडप्यापुरता मिळेल, पंचविशीतल्या धडधाकट माणसाला मिळणे कठीण.

व्यवहारात या सगळ्याचा निवाडा बोटींवर आपापल्या परीने झालेला दिसतो. जाणकार मंडळी ड्रिल लांबलचक, हलक्या ओढीसाठी वापरतात: शीड डोलकाठीवर बहुतेक चढेपर्यंत, किंवा नांगरावरून हलताना छोटी होडी उचलून डेकवर घेताना. घोडा हलका दाबतात, डोळे माथ्यावर ठेवतात, मोकळ्या हाताने दोराचे शेपूट धरतात. शिडाचा माथा वरच्या कप्पीपासून हातभर राहिला की ड्रिल काढून घेतात, खाचेत हँडल बसवतात, आणि शेवटचा ताण हाताने देतात.